शाळेतील लॉकर रूम आणि मुलांची अंगस्वच्छता : घरी काय शिकवावे?

पाणपोई (धागाकर्ती म्हणजे ही चर्चा सुरू करणारी, न्यू जर्सी)

अमेरिकेत पाचवीपर्यंतची मुले बहुधा घरून घालून आलेल्या कपड्यांतच व्यायामाच्या तासाला पळतात, पण सहावीत मिडल स्कूल सुरू झाले की पुष्कळ शाळांत त्यांना लॉकर रूममध्ये जाऊन कपडे बदलावे लागतात. न्यू जर्सीत पहिलीपासून बारावीपर्यंत आरोग्य, सुरक्षितता आणि शारीरिक शिक्षण यांना मिळून आठवड्याला अडीच तास देणे कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे हा विषय केवळ खेळाडू मुलांचा नसून प्रत्येक घराचा आहे. माझी मुलगी आता आठवीत आहे आणि मुलगा येत्या सप्टेंबरात सहावीत जाईल. शाळेच्या पत्रकात टी-शर्टचा रंग, बुटांचा प्रकार आणि कुलूप आणण्याची सूचना असते. घामेजलेले अंग, ओला टॉवेल आणि बोटांच्या बेचक्यांत राहणारी ओल यांचे काय करायचे, याबद्दल एक अक्षर नसते. मुले हे पाहून पाहून शिकतील असे सगळेच गृहीत धरतात. मला ते मान्य नाही. लॉकर रूममध्ये मोठे माणूस सहसा दाराबाहेर उभे असते, आत सगळी एकाच वयाची, सारखीच बावरलेली मुले असतात आणि घाई असते. जे शिकायचे ते घरीच, आणि तेही सांगून नव्हे तर मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेऊन शिकवावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी वेळेचे गणित पाहू. तास संपायच्या आधी कपडे बदलायला मुलांना जेमतेम पाच मिनिटे मिळतात. आपल्यापैकी अनेकांना वाटते की खेळून झाल्यावर मुले तिथे शॉवर घेत असतील. एके काळी तसे होते. तासानंतर आंघोळ केलीच पाहिजे असा नियम अमेरिकेतील कित्येक शाळांत होता, पण १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॉलिडेजबर्ग येथील शाळांच्या अशा सक्तीविरुद्ध नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला, आणि पुढे ठिकठिकाणी ही सक्ती मागे पडत गेली. आज पुष्कळ शाळांतले शॉवर नुसते भिंतीवर आहेत. तेव्हा 'आंघोळ कर' ही सूचना निरुपयोगी ठरते, आणि पाच मिनिटांत पाण्याशिवाय काय करता येईल याचाच विचार करावा लागतो.

माझ्या मुलीने बसवलेला क्रम असा : आधी कोरड्या छोट्या नॅपकिनने मान, काखा आणि पाठ टिपायची, मग काखा ओल्या फडक्याने किंवा पुसणीने पुसून पुन्हा कोरड्या करायच्या, मग रोल-ऑन, मग स्वच्छ बनियन आणि शाळेचा शर्ट, आणि सर्वांत शेवटी मोजे बदलायचे. घामाचा टी-शर्ट काढून ओल्या अंगावरच नुसता शर्ट चढवला तर पुढचे चार तास मूल ओलसरच बसते. मोजे बदलण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, म्हणून जादा जोडी मी गुंडाळून बुटातच ठेवायला शिकवले. बूट घालायला घेतला की मोजा हातात येतोच.

डिओडोरंटबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे बरेच गैरसमज दिसतात. अंगभर असणाऱ्या साध्या घर्मग्रंथी जन्मापासूनच काम करतात आणि त्यांच्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत असणाऱ्या वेगळ्या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात, त्यांचा स्राव त्वचेवरचे जिवाणू विघटित करतात आणि त्यातून वास येतो. म्हणूनच तिसरीतले मूल दिवसभर उन्हात खेळूनही घरी आल्यावर त्याच्या अंगाला फारसा वास येत नाही, आणि सहावीत त्याच मुलाच्या अंगाला एका तासात वास येऊ लागतो. मुलाने आंघोळ नीट केली नाही असा त्याचा अर्थ नसतो. डिओडोरंट वास कमी करते, तर अँटिपर्स्पिरंटमधील ॲल्युमिनियमचे क्षार घामच कमी करतात. हे दुसरे रात्री झोपताना कोरड्या काखेत लावले तर अधिक चांगले लागू पडते, म्हणजे सकाळच्या घाईतून ते आपोआप बाहेर पडते. फवाऱ्याचे डबे मात्र पाठवू नयेत. बंद खोलीत वीस मुलांनी एकदम फवारा मारला की दम्याच्या मुलांचा जीव गुदमरतो, आणि पुष्कळ शाळांत त्यांना मनाईच आहे.

मला विशेषतः तीन गोष्टींवर इतरांचे अनुभव वाचायचे आहेत : पायांची काळजी, कपडे बदलताना वाटणारा संकोच, आणि 'तुझ्या अंगाला वास येतो' हे मुलाला न दुखावता कसे सांगावे.

दोनमुलांचाबाबा (कॅलिफोर्निया)

अगदी आवश्यक विषय काढलात. माझी भर कुलपाबद्दल आहे. वरकरणी ते विषयाबाहेरचे वाटेल, पण तसे नाही.

इकडे मुलांना आकड्यांच्या गोल तबकडीचे कुलूप आणायला सांगतात. ते उघडायचे म्हणजे तबकडी उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचे, मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर यायचे, आणि मग उजवीकडे सरळ तिसऱ्या आकड्यावर. एक रेघ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ज्या मुलाला हे सरावाने येत नाही त्याची पाचांपैकी तीन मिनिटे कुलपातच जातात, आणि मग ते घामाचे कपडे तसेच अंगावर ठेवून पुढच्या तासाला पळते. माझ्या थोरल्याच्या अस्वच्छतेचे मूळ आम्हाला साबणात नव्हे, कुलपात सापडले. धाकट्याच्या वेळी उन्हाळ्याच्या सुट्टीतच कुलूप आणून कपाटाच्या कडीला लावले, आणि येता-जाता ते उघडणे हा त्याचा खेळच झाला. त्यानंतर घड्याळ लावून पूर्ण कपडे बदलण्याची रंगीत तालीमही घेतली.

दुसरे असे की लॉकरमध्ये कपडे किती दिवस राहतात यावर घरातून लक्ष हवे. पॉलिएस्टरचे खेळाचे कपडे घाम लवकर सोडतात पण वास धरून ठेवतात, आणि बंद लोखंडी कपाटात आठवडाभर कोंबलेला टी-शर्ट एकदा धुऊनही पूर्ण साफ होत नाही. आमच्याकडे शुक्रवारी पिशवी घरी आलीच पाहिजे असा नियम आहे. आली नाही तर सोमवारी जुना टी-शर्ट मिळत नाही, घरचा साधा घालून जावे लागते. पिशवी जाळीची आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ओले कपडे कोंडून ठेवणे सगळ्यांत वाईट.

बालत्वचा (नाशिक)

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पायांबद्दल विचारलेत म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

आपल्याकडे पावसाळ्यात ज्यांना चिखल्या म्हणतात, तोच प्रकार लॉकर रूमच्या ओल्या फरशीवर बाराही महिने होऊ शकतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते, मग ती फाटते, खाज सुटते आणि वास येतो. बुरशीला ओलावा, उबदारपणा आणि बंद जागा या तीनच गोष्टी लागतात, आणि दिवसभर घातलेल्या बुटात त्या तिन्ही असतात. उपाय साधा असला तरी तो नेमकेपणाने करावा लागतो. पाय पुसणे म्हणजे टॉवेलवर पाय आपटणे नव्हे. मुलाला खाली बसवा, प्रत्येक बेचक्यात टॉवेलची कड किंवा कागदी रुमाल घालून ती जागा वेगळी कोरडी करून घ्या, आणि त्याने स्वतः ते आठवडाभर तुमच्यासमोर केले म्हणजे मगच सोडा. लॉकर रूममध्ये आणि शॉवरखाली रबरी चप्पल हवीच. अनवाणी फिरणे हा पायांना बुरशी लागण्याचा सरळ मार्ग आहे. ज्याच्या पायाला आधीच बुरशी आहे त्याने चड्डीच्या आधी मोजे घालावेत, नाहीतर चड्डी पायातून वर चढवताना बुरशी जांघेपर्यंत जाते. आठवड्याचे सगळे दिवस एकच बूट वापरायचे असतील तर रात्री आतले तळवे बाहेर काढून ठेवावेत.

टॉवेलबद्दल मी कडक आहे. टॉवेल, कंगवा, पाण्याची बाटली, दाढीचे किंवा केस काढायचे ब्लेड, हेल्मेटखालची टोपी यांतली कोणतीही वस्तू जिवलग मित्रालासुद्धा वापरायला द्यायची नसते. मोलस्कम नावाचे मोत्यासारखे बारीक फोड मुलांत टॉवेलमधून सहज पसरतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू. २००३ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक अमेरिकी फुटबॉल संघातील ५८ पैकी ५ खेळाडूंना या जिवाणूंची गळवे झाली, आणि ती सगळी कृत्रिम हिरवळीवर घासून खरचटलेल्या जागी झाली होती. तपासात आढळले की खेळाडू मैदानाच्या कडेला एकच टॉवेल तिघे-तिघे वापरत होते आणि पाण्याच्या सामायिक टाकीत उतरण्याआधी आंघोळ करत नव्हते. एवढे पैसे आणि एवढे वैद्यकीय पथक असणाऱ्या संघात हे घडते, तर शाळेत ते घडू शकेल हे उघड आहे. म्हणून खरचटले की ते लगेच साबण-पाण्याने धुणे आणि कोरड्या पट्टीने पूर्ण झाकणे, हे मुलाला स्वतःला यायला हवे. पिशवीत चार पट्ट्या असाव्यात. लाल, गरम, दुखरे गळू दिसले तर ते फोडू नये, थेट दाखवावे.

भारतातून मलम मागवणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाने फार हट्टी रूप धारण केले आहे, आणि स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली मलमे मनाने लावणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली दोन दिवसांत ओसरते, घरच्यांना वाटते बरे झाले, आणि बुरशी आत पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. अशा हट्टी गजकर्णामागे असलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध बऱ्याचदा चालत नाही. २०२३ मध्ये तिचे अमेरिकेतील पहिले रुग्ण न्यूयॉर्कमध्ये नोंदवले गेले. तेव्हा सामानातून आलेली 'गावाकडची हमखास गुणाची ट्यूब' मुलाच्या जांघेत लावू नका. आणि डॉक्टरांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले सगळे दिवस लावा.

आंघोळीच्या पाण्यात रोज जंतुनाशक टाकण्याची गरज नसते. त्याने मुलांची कातडी कोरडी पडून भेगाळते, आणि भेगाळलेली कातडी जंतूंना अधिक सोपी असते. साधा साबण पुरे.

कृष्णाकाठ (सांगली)

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि संध्याकाळी तालमीत मुलांना कुस्ती शिकवतो. आमच्याकडे लॉकर रूम नसते, पण पन्नास मुलांनी एका खोलीत कपडे बदलणे आणि अंगाला अंग लावून खेळणे रोजचेच आहे. त्यामुळे डॉक्टरांनी लिहिलेले सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जुन्या तालमीत तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू घालून ती मळत आणि उकरून उलटीपालटी करत. आता मुले मॅटवरही खेळतात. मॅट मातीसारखी घाम शोषून घेत नाही, तो वरच राहतो, म्हणून रोज सरावाआधी आणि नंतर ती जंतुनाशकाने पुसावीच लागते, आणि बाहेरची चप्पल मॅटवर किंवा मॅटचे बूट संडासात हे दोन्ही मी चालवून घेत नाही. सराव सुरू होण्याआधी मुलांना रांगेत उभे करून मान, हात, पाठ आणि कानामागची जागा पाहतो. गजकर्णाचा चट्टा दिसला तर त्या दिवशी कुस्ती बंद. धावणे, दोर चढणे चालते. अमेरिकेतील शालेय कुस्तीतही असाच नियम आहे असे तिकडे शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले : अंगावरच्या गजकर्णाला किमान ७२ तास उपचार झाल्याशिवाय आणि डॉक्टरांचा कागद असल्याशिवाय मुलगा मॅटवर उतरत नाही, डोक्यात असेल तर दोन आठवडे. मुलाला सर्वांदेखत घरी पाठवून लाज आणू नये. लाज वाटली की मुले चट्टा लपवतात, आणि लपवलेला चट्टा सगळ्या तालमीला होतो.

लंगोट रोज धुवायचा आणि उन्हात वाळवायचा, हा वस्तादांचा नियम शास्त्रालाही धरून आहे. अडचण पावसाळ्यात येते. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळतच नाहीत आणि मुले ओलसर लंगोट तसाच चढवतात. मी तीन लंगोट ठेवायला सांगतो आणि वाळत नसेल तर उलट बाजूने इस्त्री फिरवायला सांगतो.

संकोचाबद्दल ताईंनी विचारले आहे. नदीच्या घाटावर आपली माणसे पिढ्यान्पिढ्या चारचौघांत कपडे बदलत आली आहेत आणि कुणाचे अंग उघडे पडत नाही, कारण पंचा नेसून बदलायची रीत सगळ्यांना येते. मुलांना तेच शिकवावे. पंचा कमरेला घट्ट गुंडाळायचा, त्याचे टोक आत खोचायचे, आतून ओली चड्डी खाली सोडायची, पंच्याच्याच कडेने जांघ कोरडी करायची, कोरडी चड्डी पंच्याखालून वर घ्यायची आणि मग पंचा सोडायचा. घरी न्हाणीत चार वेळा केले की मुलाला जमते. संकोचापायी मुले ओली चड्डी तशीच ठेवून वर विजार घालतात; पंच्याने ते टळते. शिवाय पंचा पातळ असल्यामुळे तासाभरात वाळतो, तुमचा जाड टर्किश टॉवेल संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो.

पाणपोई

कृष्णाकाठ सर, पंच्याची सूचना फारच मोलाची आहे. आजीच्या ट्रंकेतून आलेले दोन पंचे घरात आहेतच. बालत्वचा, मोज्यांचा क्रम मी पहिल्यांदाच वाचला आणि आजपासूनच अमलात आणते.

ऱ्हाइनतीर (ड्युसेलडॉर्फ)

आमच्याकडे जर्मनीत प्राथमिक शाळेतच पोहण्याचे तास असतात, त्यामुळे आठ-नऊ वर्षांची मुले वर्गासोबत बसने तलावावर जातात आणि सामुदायिक खोलीत कपडे बदलतात. इथल्या शिस्तीतली एक गोष्ट मला मनापासून पटली : पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंग धुणे. पोहायचेच आहे तर आधी आंघोळ कशाला, असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला होता. तलावाजवळ जो उग्र 'क्लोरीनचा वास' येतो तो जास्त क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास असतो, आणि डोळे चुरचुरणे, खोकला येणे हेही त्यांच्यामुळेच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे सांगणे असे आहे की तलावात उतरण्याआधी एक मिनिट शॉवरखाली उभे राहिले तरी अंगावरचा बहुतेक मळ निघून जातो. हे कारण समजल्यावर मुलगा स्वतःहून आधी शॉवरखाली जाऊ लागला. मुलांना हुकमापेक्षा कारण दिले की ती अधिक टिकून वागतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे म्हणजे केस. हिवाळ्यात ओल्या डोक्याने मुलांना बाहेर सोडत नाहीत. माझ्या मुलीचे केस लांब आहेत, आणि वर्गातल्या बाकीच्या मुली तयार होऊन उभ्या असताना तिची वेणी ओलीच असे. आम्ही पोहण्याच्या दिवशी तेल लावणे बंद केले, केसांची घट्ट वेणी घालून वर टोपी, आणि पोहून आल्यावर वेणी न सोडता ती टॉवेलमध्ये दाबून पिळणे, एवढे तिला शिकवले. पूर्ण धुणे घरी. टॉवेल आणि पोहण्याचे कपडे घरी आल्याबरोबर पिशवीतून बाहेर काढण्याचे काम तिचे आहे, माझे नाही. टॉवेल ६० अंशांवर धुतला जातो.

शेवंती (टेक्सास)

मुलींच्या बाबतीत काही गोष्टी इथे स्पष्ट लिहायला हव्यात असे वाटते.

पाळी साधारण याच वयात सुरू होते आणि कित्येकदा पहिल्यांदा ती शाळेतच येते. व्यायामाच्या पिशवीत एका छोट्या कापडी बटव्यात दोन पॅड, एक जादा निकर आणि कागदी पिशवी कायमची असावी, पाळी सुरू झालेली असो वा नसो. व्यायामाच्या तासाला जाण्याआधी पॅड बदलायचा आणि तासानंतर पुन्हा पाहायचा, हे तिला आधीच माहीत असावे, कारण घामाने भिजलेला पॅड चार-पाच तास तसाच राहिला तर मांड्यांना चट्टे उठतात. वापरलेला पॅड गुंडाळून शौचालयातील झाकणाच्या डब्यात टाकायचा, कमोडमध्ये नाही, आणि लॉकरमध्ये तर कधीच ठेवायचा नाही. लाजेमुळे मुली असे करतात. ही सगळी माहिती आईनेच द्यावी असे नाही. माझ्या मैत्रिणीच्या घरी वडील एकटे मुलीला वाढवत आहेत आणि त्यांनी हे फार उत्तम रीतीने समजावले आहे.

दुसरा विषय अंगावरच्या केसांचा आहे. आपल्या मुलींच्या हातापायांवर आणि ओठांवर लव अधिक दिसते, आणि लॉकर रूममध्ये त्यावरून बोलणी ऐकावी लागतात. मग एखादी मैत्रीण आपले रेझर पुढे करते आणि मुलगी तिथेच, कोरड्या कातडीवर, दुसरीच्या ब्लेडने केस काढते. बालत्वचा यांनी वर लिहिलेला धोका नेमका इथे आहे. केस असणे अस्वच्छ नाही, हे तिला आधी निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. आणि तरीही तिला काढायचे असतील तर नकार देण्याऐवजी तिचे स्वतःचे रेझर आणून द्यावे आणि ओल्या, साबण लावलेल्या कातडीवर ते कसे चालवायचे हे घरी दाखवावे. बंदी घातली की ती गोष्ट लॉकर रूममध्ये होते.

दोनमुलांचाबाबा

धागाकर्तींच्या तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे वासाबद्दल कसे बोलावे यावर, थोडे लिहितो. आमच्या थोरल्याला वर्गात कुणी 'तुझ्या कपड्यांना करीचा वास येतो' असे म्हटले आणि त्याने डब्यात भाजी-पोळी नेणेच सोडले. घरी त्याने कारण सांगितले नाही. डबा भरलेला परत येऊ लागला तेव्हा विचारून विचारून कळले. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागल्या. आपल्या जेवणात काही कमी नाही. मात्र फोडणीचा धूर लोकरीच्या आणि जाड कापडात बसतो, आणि आमची जाकिटे स्वयंपाकघराच्या दाराशीच टांगलेली असत. ती आम्ही जिन्याखालच्या बंद कपाटात हलवली, वाळत घातलेले कपडे स्वयंपाक सुरू होण्याआधी उचलू लागलो आणि फोडणीच्या वेळी पंखा चालू ठेवू लागलो. मुलाला वेगळे काहीही करावे लागले नाही, आणि डबा पुन्हा सुरू झाला.

अंगाच्या वासाबद्दल मात्र स्पष्टच बोलावे, पण एकट्यात, आणि भावंडांसमोर किंवा पाहुण्यांसमोर कधीही नाही. 'तुझे शरीर आता मोठ्या माणसांसारखे काम करू लागले आहे, मलाही हे रोज करावे लागते' असे म्हणून मी माझे रोल-ऑन त्याच्या शेजारी बसून लावले. घरात 'काय घाण वास मारतोय' असे बोलण्याची जी सवय अनेक घरांत आहे ती या वयात थांबवावी, असे मला कळकळीने वाटते. तेच शब्द मूल लॉकर रूममध्ये दुसऱ्या मुलावर वापरते.

कुणी तुरटी वापरून पाहिली आहे का? माझे वडील आयुष्यभर दाढीनंतर तीच लावत.

पारिजातक (पुणे)

तुरटी आमच्याकडे चालते. ओल्या काखेत खडा दोनदा फिरवायचा आणि वाळू द्यायचे, एवढेच. मात्र केस काढलेल्या दिवशी झोंबते.

आमच्या मुलांच्या शाळेत कपडे बदलायला खोली नाही. पीटीच्या दिवशी मुले घरूनच पीटीचा गणवेश घालून जातात आणि त्याच कपड्यांत पूर्ण दिवस काढतात. शाळेकडे आम्ही पालकांनी एवढीच मागणी केली की पीटीचा तास शक्यतो शेवटचा ठेवावा, आणि पावसाळ्यात कॅनव्हासच्या बुटांऐवजी सँडल चालावेत. दुसरी मागणी लगेच मान्य झाली आणि वर्गातल्या चिखल्यांच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. पहिल्या मागणीसाठी अजून पाठपुरावा चालू आहे, कारण एकाच मैदानावर सगळ्या तुकड्यांचे वेळापत्रक बसवणे खरोखरच कठीण आहे.

बालत्वचा यांना एक प्रश्न : माझ्या मुलाच्या तळव्याला टाचेजवळ कडक गाठ आली आहे, चालताना दुखते. सासूबाई म्हणतात कुरूप आहे, ब्लेडने कापून काढू. तो आठवड्यातून तीनदा पोहायला जातो. पोहणे बंद करावे का?

बालत्वचा

कृपा करून ब्लेड लावू नका. मुलांच्या तळव्यावर अशी गाठ असेल तर ती पुष्कळदा चामखीळ असते, जी विषाणूंमुळे होते आणि तलावाच्या ओल्या, खरखरीत काठावरून लागते, कारण पाण्याने मऊ झालेल्या कातडीत विषाणू सहज शिरतात. घरी पाहण्याची एक खूण आहे : वरची कडक कातडी थोडी झिजली की चामखिळीत काळे बारीक ठिपके दिसतात, ते गोठलेल्या रक्तवाहिन्यांचे असतात, आणि तळव्यावरच्या रेषा गाठीला वळसा घालून जातात. कुरपात ठिपके नसतात आणि रेषा गाठीवरूनच जातात. चामखिळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबले तर दुखते, कुरूप वरून सरळ दाबल्यावर अधिक दुखते. कापल्यास चामखीळ शेजारी पसरते.

पोहणे बंद करण्याची गरज नाही. पाण्यात टिकणारी पट्टी गाठीवर लावून जाऊ द्या, पाण्यात उतरेपर्यंत पायात रबरी चप्पल असू द्या, आणि बाहेर आल्यावर जुनी पट्टी कचऱ्यात टाकून पाय वेगळ्या रुमालाने पुसायला सांगा. तो रुमाल घरातल्या इतर कुणी वापरू नये. सॅलिसिलिक ॲसिडचे औषध लावतात, पण ते आजूबाजूच्या चांगल्या कातडीलाही लागते म्हणून लावण्याची पद्धत एकदा समोर बसून शिकून घ्यावी, आणि त्याला अनेक आठवडे लागतात. मुलाला मधुमेह असेल तर मात्र घरी काहीही न लावता आधी दाखवा.